मराठीतला वेताळ कुणाकडे शिल्लक आहे का?

कवटीगुहा
वेताळ म्हणजे इंग्रजीतला 'फँटम', इंद्रजाल कॉमिक्समधला जंगलातला मुखवटेवाला हिरो. या कॉमिक्सचे इंग्रजी अंक नेटवर शोधले तर ढिगाने सापडतात. हिंदीही बऱ्यापैकी मिळतात. कुणीतरी रात्री जागून एकेक पान स्कॅन केलेलं असतं, अंकाचा क्रमांक दिलेला असतो, मुखपृष्ठ वेगळं जोडलेलं असतं. मराठी अंकांपाशी आलं की गाडी अडते. एखादं मुखपृष्ठ दिसतं, मोबाईलवर तिरके काढलेले चार फोटो दिसतात, आणि अख्खा अंक हाती लागलाच तर मधलं पान गायब.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियावाल्या बेनेट कोलमन कंपनीने ही मालिका काढली. पहिले ३२ अंक फक्त वेताळाचे. मग जादूगार मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी, बझ सॉयर अशी मंडळी आली. १९७६ मध्ये आपला देशी हिरो बहादूर आला. १९९० मध्ये दुकान बंद झालं तोवर आठशेच्या वर अंक निघाले होते. गोविंद ब्राह्मणियांनी रंगवलेली मुखपृष्ठं आजही कुठे दिसली की मी थांबते.

माझं म्हणणं असं, की मराठीतला वेताळ हा आपला ऐवज आहे आणि आपण तो किलोच्या भावाने रद्दीत घातला. कुठल्या तरी अनुवादकाने बसून त्या जंगलातल्या माणसांच्या तोंडी मराठी घातलं. त्याचं नाव अंकावर शोधून मला सापडत नाही. आमच्या पिढीतली कितीतरी मुलं शाळेच्या पुस्तकाआधी त्या संवादांच्या फुग्यांतलं मराठी सलग वाचायला शिकली. त्यावर ना कुणी अभ्यास करत, ना कुणी अंक जपत.

तर विचारणा दोन. कुणाकडे मराठी अंक आहेत का, आणि कोणत्या अवस्थेत? दुसरं, ते स्कॅन करायची तयारी आहे का? करायचे तर पूर्ण करायचे, जाहिरातींसकट, मागच्या कव्हरासकट. निव्वळ गोष्टीची पानं नकोत.

माळ्यावरचा_ट्रंक
माझ्याकडे आहेत. बाबांनी वर्षावार बांधून घेतले होते, कापडी पुठ्ठ्यात. बाइंडरने कडा सारख्या करायला कटर चालवला आणि वरच्या ओळीतल्या चौकटींचे फुगे अर्धे उडाले. काही पानांवर मँड्रेक कपाळाशिवाय आहे.

सुट्या अंकांची अवस्था निराळी. पिना गंजून त्यांच्याभोवती तपकिरी वर्तुळं पडली आहेत, आणि मधलं जोडपान हात लावला की त्या दोन भोकांपाशी सुटतं. कागद कडेने इतका ठिसूळ झालाय की पान उलटलं की मांडीवर भुगा पडतो. मधला भाग मात्र अजून मऊ आहे, रंगही बरे आहेत. वेताळाच्या पोशाखाचा जांभळा रेघेबाहेर सांडलेला दिसतो, म्हणजे छपाईत रंगाची प्लेट सरकली होती. आमच्याकडच्या एका अंकात वेताळाच्या डायनाचे, म्हणजे त्याच्या प्रेयसीचे, ओठ गालावर आहेत.

मुग्धा_क
वेताळ म्हटलं की मला ती लाल टोकाची गोड सिगारेट आठवते. पाकिटावर याचंच चित्र!

टिळक_रोड
मुग्धा, आणि गंमत म्हणजे गडी स्वतः बारमध्ये जाऊन दूध मागवायचा. गोट्या डोळ्यांचे दांडगे हसायचे, आणि पुढच्या चौकटीत त्यांच्या जबड्यावर कवटीचा छाप.

मुग्धा_क
आमच्या वर्गात सगळी मुलं कंपासच्या टोकाने खोडरबरावर कवटी कोरून शाईत बुडवून एकमेकांच्या हातावर उमटवायची. बाईंनी खोडरबरं जप्त केली होती.

ऑरेंज_सिटी
धाग्याचा विषय चांगला आहे, पण 'आमची पिढी' म्हणजे पुणं-मुंबई असं धरू नका. आम्ही विदर्भातली पोरं हिंदी वाचून मोठी झालो. एसटी स्टँडाजवळच्या टपरीवर राज कॉमिक्स भाड्याने मिळायचे. नागराज, ध्रुव, डोगा. ध्रुवकडे कोणतीच दैवी शक्ती नाही, डोकं आणि मोटारसायकल यांवर गडी सगळं निभावून नेतो, म्हणून तो माझा सगळ्यात लाडका. आणि डोगा तर मुंबईचा! कुत्र्याचा मुखवटा घालून मुंबईच्या गल्ल्यांत गुंडांना लोळवणारा हिरो हिंदीत जन्मला आणि मराठीत त्याचं कुणी नावही घेत नाही.

सुरुवातीचा नागराज ज्यांनी काढला ते संजय अष्टपुत्रे आणि प्रताप मुळीक, दोघे मराठी माणसं. म्हणजे हात आपला, फुग्यातली भाषा हिंदी. त्याचं दुःख करावं की अभिमान धरावा ते तुम्ही ठरवा. मी अभिमान धरतो.

कवटीगुहा
ऑरेंज_सिटी, मनापासून धन्यवाद. अभिमानच धरायचा. मुळीकांनी अमर चित्रकथेसाठी काढलेली माणसं बघा, खांद्यांची ठेवण, कापडाच्या चुण्या. तोच हात नागराजच्या अंगावर खवले काढतो तेव्हा ते खवले खोटे वाटत नाहीत. पण माझी तळमळ भाषेबद्दल आहे हो. हिंदी राज कॉमिक्स जपायला हिंदीत मोठी फौज आहे. आपल्या मराठी इंद्रजालचं कोण करणार?

सडेतोड
मी विरोधी सूर लावतो.

वेताळ जपायचा म्हणजे नक्की काय जपायचं? एक गोरा माणूस आफ्रिकेच्या जंगलात सिंहासनावर बसलाय, तेही कवटीच्या, आणि बांदार जमातीची माणसं त्याला अमर समजून त्याची सेवा करताहेत. चारशे वर्षं, बापाकडून मुलाकडे. कुणी निवडून दिलं याला? मँड्रेककडे या, तिथे लोथार. आफ्रिकेतल्या राज्यांचा राजपुत्र, आणि काम काय तर जादूगाराचा अंगरक्षक. सुरुवातीच्या पट्ट्यांत तर बिबट्याचं कातडं गुंडाळून मोडकंतोडकं बोलायचा.

वेताळाच्या देशाचं मूळ नावही 'बेंगाली' होतं आणि चाचे 'सिंग' होते, म्हणजे लेखकाच्या डोळ्यांसमोर आशिया होता. आपल्या वाचकाला खटकेल म्हणून इंद्रजालने 'डेंकाली' आणि 'सिंगा' करून टाकलं. आपण लहान होतो, आपल्याला कळलं नाही. आता कळतं. तेव्हा आठवणींच्या नादात हे सगळं परत पोरांच्या हातात देण्याआधी विचार व्हावा.

टिळक_रोड
सडेतोड, तुम्ही म्हणता ते सगळं खरं आहे, फक्त अर्ध्यावर थांबलात. पुढे त्याच मालिकेत डॉक्टर लुआगा निवडणूक जिंकून राष्ट्राध्यक्ष होतो, आणि वेताळ हुकूमशहांविरुद्ध त्याच्या पाठीशी उभा राहतो. लोथारही नंतर सूटबुटात, शुद्ध भाषेत बोलणारा मित्र झाला. ली फॉक १९३६ पासून १९९९ मध्ये वारेपर्यंत वेताळ लिहीत होता, काळाबरोबर बदलत गेला. हा बदल बघायचा तर जुने अंक समोर हवेत की नकोत? जपणं म्हणजे पूजा करणं नव्हे.

टपोरा_मोगरा
शिवाय वाचणारे आपापला वेताळ करून घेतात. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात, वाघी खोऱ्यात, लढाईच्या ढालींवर लोकांनी वेताळ रंगवलाय. त्यांना तो गोरा साहेब वाटला नसावा. मरत नाही, एवढं त्यांना पुरलं. त्या ढाली आज संग्रहालयांत आहेत. आपल्याकडच्या पोराने पायजम्यावर पट्टा बांधून चिंचेच्या झाडावरून उडी मारली तेव्हा त्याच्या डोक्यात तरी वसाहतवाद कुठे होता?

सडेतोड
पोराच्या डोक्यात नव्हता, पण गोष्टीत होता. असो. ढालींची गोष्ट माहीत नव्हती, आवडली. स्कॅनला माझा विरोध नाही. माझी अट एकच, अंक टाकाल तेव्हा चार ओळींची टीप टाका, कोणत्या काळातलं, कुणी काढलेलं.

कवटीगुहा
अट मान्य. टीप मीच लिहीन.

उत्तरध्रुव
स्टॉकहोमहून हजेरी. इथे वेताळ अजून जिवंत आहे हो! 'फँटोमेन' नावाने १९५० पासून नियतकालिक निघतंय, पेपरच्या स्टॉलवर मिळतं. इथल्याच लेखक-चित्रकारांनी त्याच्या नव्या कथा लिहिल्या, त्याच्या पूर्वजांना इतिहासातल्या खऱ्या प्रसंगांत नेऊन सोडलं. एस्किलस्टुना गावच्या प्राणिसंग्रहालयात त्याच्या नावाचा अख्खा बगीचा होता. आणि इथे त्याचा पोशाख निळा! मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा आपला वेताळ कुणी धुवायला टाकून रंग घालवला असं वाटलं. इटलीत तर तो लाल आहे म्हणे.

ऑस्ट्रेलियातही १९४८ पासून एक प्रकाशन त्याला अखंड छापतंय. म्हणजे जिथे लोकांनी धरून ठेवलं तिथे टिकला.

माळ्यावरचा_ट्रंक
लाल वेताळ! जंगलात लपायचं कसं त्याने?

उत्तरध्रुव
जांभळ्यात तरी कसा लपत होता?

टिळक_रोड
ली फॉकच्या मनात करडा होता म्हणतात. १९३९ मध्ये रविवारची रंगीत पट्टी सुरू झाली तेव्हा छापणाऱ्यांनी जांभळा लावला, तोच चिकटला.

झेन_झी_पण_मराठी
सगळे काका-मावशी बोलताय म्हणून भीत भीत लिहितोय. मी इंद्रजालचा अंक कधी हातात धरलेला नाही. मला वेताळ मीममधून कळला, मग कुणीतरी दिलेल्या दुव्यावरून इंग्रजी स्कॅन मिळाले आणि लोकलमध्ये फोनवर एकेक चौकट मोठी करून वाचले. चौकट मोठी केली की ते रंगाचे ठिपके दिसतात ना, त्याच्या मी प्रेमात पडलो. आजच्या कॉमिक्समध्ये सगळं गुळगुळीत असतं.

आमच्या पिढीचं सांगतो. सिनेमा लागायच्या आधीच त्याचा शेवट रीलवर आलेला असतो. ट्रेलरच्या चौकटी थांबवून थांबवून लोक व्हिडिओ करतात, कुणाच्या मनगटावर कोणतं घड्याळ आहे त्यावर वीस मिनिटं चर्चा. मला ते आवडतं, मी स्वतः करतो. पण त्या सगळ्या गप्पा इंग्रजी-हिंदीत. २०२३ मध्ये स्पायडरमॅनचा तो अनेक विश्वांचा अ‍ॅनिमेशनपट भारतात दहा भाषांत आला, त्यात मराठी होती. मी मुद्दाम मराठी खेळ शोधून गेलो. पवित्र प्रभाकर हा भारतीय स्पायडरमॅन मुळात २००४ मध्ये कॉमिकमधून आलेला, मुंबईचा पोरगा. तो पडद्यावर मराठी बोलला तेव्हा मला जे झालं ते मी शब्दांत नाही सांगू शकत. शेजारची लहान मुलगी आईला म्हणाली, "हा आपल्यासारखं बोलतो."

म्हणून कवटीगुहाताई जे म्हणतायत ते मला कळतं. तुमच्याकडे हे १९६४ पासून होतं? आणि तुम्ही ते रद्दीत दिलंत??

मुग्धा_क
ओरडू नकोस रे, आईने दिलं. दहावीच्या सुट्टीत. मी अजून माफ केलेलं नाही.

टपोरा_मोगरा
+१. आमच्याकडे पितळी डबा आला त्या बदल्यात. डबा अजून आहे.

कवटीगुहा
झेन_झी, तुझा प्रतिसाद मी दोनदा वाचला. हेच मला लोकांना पटवायचं आहे. हिरो परका असला तरी आपल्या भाषेत बोलला की मूल त्याच्याशी मनात भांडतं, त्याला प्रश्न विचारतं, त्याची नक्कल करतं. इंग्रजीत वाचलेला वेताळ मला आवडतो. मराठीतल्या वेताळाशी मी खेळले आहे.

जुना_जाणकार
धागा आवडला. थोडं बहादूरबद्दल, कारण त्याला कुणी विचारत नाही.

बहादूर आबिद सुरतींचा. चित्रं ब्राह्मणियांची. बाप डाकू, पोलिसांच्या गोळीने गेला. ज्या पोलीस अधिकाऱ्याने मारलं त्यानेच पोराला वाढवलं. आता असल्या पोराने सूड घ्यायचा, हा सिनेमाचा रिवाज. बहादूर मात्र गावकऱ्यांना घेऊन नागरिक सुरक्षा दल काढतो. अंगात भगवा कुर्ता, खाली जीन्स. चंबळच्या डाकूंच्या बातम्या रोज पेपरात यायच्या त्या काळात हे वाचताना गोष्ट आणि बातमी यांत फारसं अंतर वाटत नसे. मुखवटा नाही, गुहा नाही, शक्ती नाही. आपल्या मातीतला खरा कॉमिक हिरो मी त्यालाच म्हणेन.

आणि सुरती पुढे काय करत होते ठाऊक आहे? २००७ पासून मिरा रोडला दर रविवारी प्लंबर सोबत घेऊन घरोघरी गळके नळ फुकट दुरुस्त करत फिरायचे. वॉशर बदलायचा, पुढचं घर. बहादूरच्या लेखकाला शोभेल असंच काम.

आमच्या गावच्या वाचनालयात इंद्रजाल घरी न्यायला मनाई होती. बाकावर बसून वाचायचा आणि परत द्यायचा. एकाच्या हातात अंक, तिघांच्या माना त्याच्या खांद्यावर, आणि पान उलटायच्या आधी "झालं का?" विचारायची शिस्त.

अबोली_गजरा
"झालं का?" आमच्याकडेही! मी हळू वाचायची म्हणून दादा अंक माझ्या आधीच संपवायचा आणि शेवट सांगायची धमकी देऊन माझ्याकडून कामं करून घ्यायचा. झेन_झी, शेवट फोडण्याचा धंदा तुमच्या रील्सच्या आधीपासून आहे.

जरा अवांतर करू का? चांदोबाचं कुणी जपलंय का? मराठीत १९५२ पासून यायचा. शंकर या चित्रकारांनी काढलेलं विक्रम-वेताळाचं ते चित्र, खांद्यावर प्रेत, हातात तलवार, मागे स्मशान. मी लहानपणी दोन्ही वेताळ एकाच घराण्यातले समजायची. मला वाटायचं, राजाच्या खांद्यावरून उडून गेला तो थेट डेंकालीला.

माळ्यावरचा_ट्रंक
अबोलीताई, हे भारी आहे. एकविसावा वेताळ, मूळ पत्ता पिंपळाचं झाड.

जुना_जाणकार
शंकर २०२० मध्ये गेले, नव्वदी पार करून. उतारवयातही चित्र काढत होते. चांदोबाचे बरेच अंक स्कॅन झालेले आहेत, तिथे परिस्थिती इंद्रजालपेक्षा बरी.

अवांतरात अजून एक भर. अमर चित्रकथावाले अनंत पै आधी टाइम्समध्येच होते, इंद्रजालच्या उभारणीत त्यांचा हात होता. १९६७ मध्ये दूरदर्शनवर प्रश्नमंजूषा बघितली, मुलांना ग्रीक देवांची नावं येतात पण रामाच्या आईचं नाव येत नाही हे पाहून त्यांनी आपली मालिका काढायचं ठरवलं. पुढे १९८० मध्ये मुलांचं टिंकल. सुपंडी काढणारे राम वाईरकर आणि शिकारी शंभू काढणारे वसंत हळबे ही नावं आपल्या मुलांना सांगा. शंभूचे डोळे टोपीखाली झाकलेलेच असतात, तरी तो घाबरलाय हे हळबे नुसत्या खांद्यांवरून आणि गुडघ्यांवरून दाखवायचे. ही किमया सोपी नव्हे.

सिनेमा_सिनेमा
वेताळाचा १९९६ चा सिनेमा कुणी पाहिलाय? बिली झेन वेताळ झाला होता. चालला नाही, पण त्याने जांभळा पोशाख लाज न बाळगता घातला याचं मला कौतुक आहे. आजचे दिग्दर्शक हिरोला काळं चामडं चढवतात आणि कॉमिकचा रंग लपवतात.

आपल्याकडे फास्टर फेणे २०१७ मध्ये पडद्यावर आला तेव्हाही हीच चर्चा झाली होती, की भा. रा. भागवतांचा सायकलवाला शाळकरी बन्या मोठा का केला. मला अमेय वाघ आवडला. मूळ बन्या हवा असेल तर पुस्तकं आहेतच, सुदैवाने अजून दुकानात मिळतात. इंद्रजालचं तसं नाही, ते एकदा गेलं की गेलं. म्हणून धाग्याच्या मूळ विषयावर या लोकहो.

कायद्याचं_बोला
मूळ विषयावर येते. अंक स्कॅन करून सरसकट नेटवर टाकण्याबद्दल दोन गोष्टी ध्यानात घ्या.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. परदेशी कृतींना मात्र मूळ देशापेक्षा जास्त मुदत मिळत नाही. अमेरिकेत त्या काळच्या प्रकाशनांना ९५ वर्षं, म्हणजे १९३६ सालच्या पहिल्या पट्ट्या २०३२ उजाडताना मोकळ्या होतील. आपण वाचल्या त्या साठ-सत्तरच्या दशकातल्या कथांना २०५५ च्या पुढची वाट बघावी लागेल. मराठी अनुवादाचा हक्क वेगळा, तो आणखी एक गुंता. "अंक बाजारात मिळत नाही, म्हणून टाकला" हा कायद्यापुढे बचाव होत नाही.

पण वाट आहे. कलम ५२ मध्ये अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला सवलत दिलेली आहे. छापील प्रत ग्रंथालयाकडे असेल तर जपणुकीसाठी ते ती डिजिटल स्वरूपात साठवू शकतात. भारतात विकत मिळत नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती ग्रंथालयाच्या वापरासाठी काढता येतात. म्हणजे अंक आधी ग्रंथालयाला भेट द्या, स्कॅन ग्रंथालयाच्या नावाने होऊ द्या. नेटवर सगळ्यांना खुले होणार नाहीत, तिथे जाऊन वाचावे लागतील. पण मरणार नाहीत.

झेन_झी_पण_मराठी
म्हणजे मी जे फोनवर वाचले ते...

कायद्याचं_बोला
ते मी वाचलं नाही असं समज. हलकेच घ्या.

सडेतोड
इथे मी हौशी स्कॅनवाल्यांची बाजू घेतो, नोंद करून ठेवा. ज्या कंपन्यांकडे हक्क आहेत त्यांनी मराठी अंक पुन्हा छापलेत का? नाही. हौशी लोकांनी आपला वेळ घालवून, एक पैसा न घेता ठेवलं म्हणून वरच्या पोराला वेताळ भेटला. कायदा पाळू, पण त्यांना चोर म्हणणं मला पटत नाही.

कायद्याचं_बोला
चोर मीही म्हटलेलं नाही.

कवटीगुहा
दोघांचंही बरोबर आहे आणि मला ग्रंथालयाचा मार्ग आवडला. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक प्रकाशकाने पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी काही ठरलेल्या ग्रंथालयांना द्यायची असते, त्यात मुंबईचंही एक आहे, टाउन हॉलमधलं. इंद्रजाल तिथे पोचले का, नोंदवले का, हे जाऊन पाहायला हवं. मुंबईतलं कुणी येतंय का माझ्याबरोबर?

टपोरा_मोगरा
मी येते. कामाच्या दिवशी सकाळी जमेल. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय इथेही विचारू, ठाण्याचं तर माझ्या घराजवळ आहे. बांधीव खंड 'बालवाङ्मय' म्हणून कुठल्या तरी कपाटात असायची शक्यता आहे. नुसतं इंद्रजाल म्हणून विचारलं तर नाही म्हणतील.

ठिपका_ठिपका
छपाईच्या धंद्यात आहे म्हणून लिहितो. माळ्यावरचा_ट्रंक, कृपा करून पिना पिनकाढणीने उपटू नका, कागद घेऊन येतील. अंक मधोमध उघडून ठेवा, आतल्या बाजूने पिनेचे दोन पाय पातळ बोथट पातीने हळूहळू सरळ करा, मग बाहेरून अलगद ओढा. गंज असेल तर घाई नको. बांधीव खंड उसवू नका, ते वरून कॅमेरा लावूनच घ्यायचे.

स्कॅन ६०० डीपीआयवर घ्या. ३०० वर छपाईचे ठिपके आणि स्कॅनरच्या रेघा एकमेकांत अडकून आकाशात लाटा उठतात. पानामागे काळा कागद ठेवा, म्हणजे मागच्या बाजूची छपाई आरपार दिसणार नाही. आणि रंग 'सुधारू' नका! पिवळा पडलेला कागद पिवळाच राहू द्या. मूळ फाइल टिफमध्ये ठेवायची, वाचायला सीबीझेड करायची. ती काही जादू नव्हे, चित्रांची झिप फाइल असते, नाव बदललेली. पानांना ००१, ००२ असे क्रमांक द्या, नाहीतर दहावं पान दुसऱ्याच्या आधी येतं.

जाहिरातींबद्दल कवटीगुहांना पूर्ण पाठिंबा. पॉपिन्सच्या राम आणि श्यामच्या चित्रपट्ट्या त्याच अंकांत असायच्या. त्या काळी मुलांना काय विकत होते, कोणत्या भाषेत विकत होते, ते तिथेच दिसतं.

माळ्यावरचा_ट्रंक
ठिपका, हे फार कामाचं. वाचनखूण साठवली. मी पुण्यात आहे, सपाट स्कॅनर माझ्याकडे नाही. कुणाकडे आहे का? अंक मी कुरिअरने पाठवणार नाही, या अवस्थेत ते पोचणार नाहीत. ज्याने त्याने इथे यावं. चहा माझ्याकडे.

ऑरेंज_सिटी
माझ्याकडे थोडे मराठीही निघाले बरं का, मामाच्या घरून आणलेले. वेताळ-डायनाच्या लग्नाचा अंक आहे, मँड्रेक आणि लोथार वऱ्हाडात. पुण्याला दिवाळीत येतोय, घेऊन येतो.

मुग्धा_क
लग्नाचा अंक!!! मी कोथरूडला आहे, स्कॅनर आहे, ए-फोरचा. अंक उघडून जोडपान बसेल का त्यात?

ठिपका_ठिपका
पिना काढल्या तरी जोडपान ए-फोरमध्ये बसणार नाही. एकेक बाजू घ्या, घडीवर दाब देऊ नका, झाकण उघडंच ठेवा. माझ्या ओळखीत ए-थ्रीचा आहे, शनिवारी विचारून सांगतो.

कवटीगुहा
तोवर ज्यांच्याकडे मराठी अंक आहेत त्यांनी या धाग्यावर क्रमांक, गोष्टीचं नाव आणि कोणती पानं नाहीत तेवढं लिहा. एकाच्या अंकातलं फाटलेलं पान दुसऱ्याकडे असेल. मी यादी करायला घेतली आहे. माझ्याकडच्या एका बहादूरच्या अंकाला शेवटची दोन पानं नाहीत, कव्हर शाबूत आहे. तो कुणाकडे पूर्ण असेल तर आधी सांगा.